टपावरचा टवका

मामा बोटीवर इंजिनियर होता. मालवाहू बोट. मुंबईहून निघायची, सुएझमधून पार व्हायची आणि लिव्हरपूलला लागायची. १९५८ साली दिवाळीच्या तोंडावर तो परत आला, तेव्हा त्याच्या बॅगेत दादासाठी एक पिवळं पुठ्ठ्याचं खोकं होतं. दोन काड्यापेट्या टोकाला टोक लावून ठेवाव्यात एवढं. खोक्यावर मोटारीचं चित्र आणि टोकाच्या झडपेवर रंगाचा एक गोल ठिपका. आत जॅग्वार एक्सके १२०. डिंकी टॉइज, क्रमांक १५७. फिरोजी आणि गडद गुलाबी असे दोन रंग, चाकांच्या चकत्या लाल, टायर खऱ्या रबराचे. खिडक्यांना काचा नव्हत्या, दरवाजे उघडत नव्हते, आत सीट नव्हत्या. तरीही गिरगावातल्या आमच्या चाळीतली पोरं तीन दिवस आमच्या दारातून हलली नाहीत.

दादा तेव्हा दहा वर्षांचा आणि मी सहा. गाडी दादाची. मला ती त्याच्यासमोर आणि दोन्ही हातांनी धरायची परवानगी होती. पुढच्या मे महिन्यात दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीच्या कठड्यावर मी ती चालवत होतो आणि ती माझ्या हातून खाली चौकात पडली. धावत खाली गेलो. चाकं शाबूत होती, आस वाकला नव्हता, पण टपाच्या मागच्या कडेला गव्हाच्या दाण्याएवढा रंगाचा टवका उडाला होता आणि खालचा राखाडी धातू दिसत होता. दादा काही बोलला नाही. रडलो मीच. मामा पुढच्या खेपेला आला तेव्हा आईनं माझी तक्रार त्याच्या कानावर घातली. त्यानं गाडी हातात घेतली, त्या टवक्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "बरं झालं. आता हजार गाड्यांत ठेवली तरी आपली ओळखता येईल."

हे वाक्य मी विसरलो, हीच माझी चूक. पुढचं सगळं त्यातून घडलं.

१९८६ साली मामाची साठी होती. मी भांडुपच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो. हाताखाली हत्यारं होती, वर्कशॉपमधल्या मित्रांची मदत होती. दादा नोकरीनिमित्त बडोद्याला गेला होता आणि जाताना ती गाडी माझ्याकडे ठेवून गेला होता. तिच्यावर तोवर अट्ठावीस वर्षांचा वापर उमटलेला होता. बॉनेटच्या कडा, मडगार्डांचे उंचवटे, जिथे जिथे मुलांची बोटं पडतात तिथला रंग झिजलेला. टपावरचा टवका होताच. मला वाटलं, मामाला हीच गाडी पुन्हा नवी कोरी करून दाखवावी. याहून मोठी भेट दुसरी कुठली असणार?

आपल्याकडे जुन्या वस्तूवरचं प्रेम असंच दाखवतात. दसऱ्याला घर धुवायचं, दिवाळीला भिंतींना चुना लावायचा, लग्न निघालं की जुन्या पलंगाला पॉलिश मारायचं. देवळाचा जीर्णोद्धार म्हटला की पहिल्यांदा ऑइलपेंटचे डबे येतात, आणि दगडातलं कोरीवकाम त्याखाली गुळगुळीत होऊन जातं. यात कुणाचाही हेतू वाईट नसतो. माझाही नव्हता.

मी तेव्हा काय केलं ते नीट सांगतो, कारण आजही कुणीतरी कुठल्यातरी घरात नेमकं हेच करत असेल. गाडीची पत्र्याची तळपाटी रिवेटनं बसवलेली होती. म्हणजे साच्यातूनच आलेले धातूचे दोन खुंट पाटीतून वर काढून ठोकून पसरवलेले. ते मी ड्रिलनं उडवले. पाटी सुटली, चाकं निघाली. मग ब्रशनं पेंट रिमूव्हर लावला. पाच मिनिटांत तो फिरोजी आणि गुलाबी रंग सुरकुतला, फुगला, आणि जुन्या टूथब्रशनं खरवडल्यावर वर्तमानपत्रावर त्याचा ओला चोथा पडला. चारशे नंबरच्या पॉलिश पेपरनं अंग घासलं. ओळखीच्या गॅरेजमधल्या पेंटरनं प्रायमरचे दोन हात आणि लालभडक ड्युकोचे तीन हात मारून दिले. लाल का, तर मला जॅग्वार लाल आवडायची. चकत्यांना चंदेरी रंग दिला. खुंटांच्या जागी आटे पाडून स्क्रू लावले. दरवाज्याची रेघ प्रायमरखाली बुजली होती, ती मला तेव्हा दिसलीसुद्धा नाही. गाडी आरशासारखी चमकत होती.

पिवळं खोकं मात्र वाचलं होतं. आईनं त्यात हुक आणि बटणं ठेवली होती. ती काढून, फाटलेली झडप सेलोटेपनं चिकटवून, त्या खोक्यात गाडी घालून मी मामापुढे ठेवली.

मामानं ती बाहेर काढली. उलटसुलट केली. त्याचा अंगठा टपाच्या मागच्या कडेवर गेला, तिथे थोडा वेळ थांबला, पुन्हा एकदा फिरला. मग त्यानं विचारलं, "ही तीच का रे?" मी म्हटलं, तीच. "छान केलीस," म्हणाला आणि गाडी खोक्यात ठेवून खोकं मला परत दिलं. माझ्या आनंदात मला त्या प्रश्नाचा अर्थ कळला नाही. मामा १९९९ साली गेला.

अर्थ कळला तो २००४ साली, मुंबईच्या चोर बाजारात, मटन स्ट्रीटवर. तिथे एका दुकानात जुने ग्रामोफोन, एनॅमलच्या पाट्या आणि काचेच्या कपाटात थोडी खेळणी असायची. दुकानदार म्हातारे होते, सगळे त्यांना चाचा म्हणायचे. मी गाडी विकायला गेलो नव्हतो. तिच्यासारखी आणखी एखादी मिळते का, बघायला गेलो होतो. चाचांनी आधी खोकं हातात घेतलं आणि झडपेवरचा तो गोल ठिपका मला दाखवला. तो मी लहानपणापासून पाहिला होता, पण तो कशासाठी असतो हे मला माहीत नव्हतं. दुकानदाराला खोकं न उघडता आतल्या गाडीचा रंग कळावा म्हणून कारखान्यातच तो ठिपका छापत. आमच्या खोक्यावरच्या ठिपक्यात दोन रंग होते, आणि आतून गाडी निघाली ती लाल. मग चाचांनी छोटा टॉर्च लावून बिनकाचेच्या खिडकीतून टपाच्या आतल्या बाजूला पाहिलं. मी रिमूव्हर फक्त बाहेरून लावला होता. आत कारखान्यातल्या फवाऱ्याची फिरोजी धूळ अजून तशीच होती. "साहब, ये डबल कलर था," ते म्हणाले. "किसने बिगाडा?"

मी म्हटलं, मी.

ही गाडी लाल रंगातही निघाली होती, पण हा तो लाल नव्हे, हे त्यांनी एका नजरेत ओळखलं होतं. शिवाय दोन रंगातल्या गाड्यांना जास्त मागणी. मूळ रंगात, टवक्यांसकट, त्या फाटक्या खोक्यासह असती तर अडीच हजार देईन म्हणाले. आता तीनशे. तेही मुख्यतः खोक्याचे, आणि त्यावरही मी टेप लावलेली.

पैशाचं मला वाईट वाटलं नाही. मी ती विकणार नव्हतोच. पण त्या दिवशी दुकानातून बाहेर पडलो तेव्हा मामाचा अंगठा काय शोधत होता ते मला कळलं. चाचा आणि मामा एकाच गोष्टीकडे बघत होते. मी अट्ठावीस वर्षं तिच्यावरून पुसून टाकली होती.

तेव्हापासून मी ही खेळणी जमवतो. वीस वर्षं झाली. फार मोठा संग्रह नाही, दोन कपाटं आहेत. पण संग्राहक नेमकं काय बघतो आणि का बघतो, हे त्यातून शिकलो.

डिंकीच्या गाड्या लिव्हरपूलच्या बिन्स रोडवरच्या कारखान्यात तयार होत. मेकॅनो शोधणाऱ्या फ्रँक हॉर्नबीची ती कंपनी. डिंकी हे नाव १९३४ साली आलं आणि नोव्हेंबर १९७९ मध्ये तो कारखाना बंद झाला. म्हणजे त्या रंगाचा एकही नवा फवारा आता उडणार नाही. गाडीचं अंग जस्ताच्या मिश्रधातूचं. साच्यात ओतायचं, फवाऱ्यानं रंगवायचं, भट्टीत तापवून रंग पक्का करायचा. हा रंग पातळ असतो, त्याखाली दरवाज्याची रेघ, मूठ, दिव्याची कड ठसठशीत दिसते. संग्राहक पैसे देतो ते या पातळ थराला. धातू तर प्रत्येक गाडीत तोच आहे. साच्यातून लाखो गाड्या निघाल्या. त्यातल्या बहुतेक आमच्यासारख्या मुलांनी गॅलरीतून पाडल्या, मातीत चालवल्या, समुद्रावर नेल्या. मूळ रंग टिकून राहिला तो फार थोड्यांवर. तो कमी झिजलेला असेल तर भाव चढतो, जास्त झिजलेला असेल तर उतरतो, पण झिजलेल्या मूळ रंगाचा भाव नव्या चकचकीत रंगापेक्षा जवळजवळ नेहमीच जास्त असतो. आपल्या लोकांना हे पटवून देणं सगळ्यात अवघड जातं. घरी आलेला प्रत्येक पाहुणा माझ्या कपाटातला झिजलेला ट्रक बघून म्हणतो, याला जरा रंग का मारत नाही?

इंग्लंडमध्ये टीसाइड भागात थॉर्नबी नावाचं गाव आहे, तिथे व्हेक्टिस ही फक्त खेळण्यांचे लिलाव करणारी संस्था आहे. माझी भाची लेस्टरला असते, तिच्यामुळे मी त्यांच्या याद्या चाळू लागलो. सोनारानं सोन्याचा कस सांगावा तशी त्यांची भाषा. गाडी 'एक्सलंट' की 'निअर मिंट', खोकं 'गुड' की 'गुड प्लस', प्रत्येकाचा वेगळा दर्जा लिहिलेला. आणि जिथे 'रीस्टोअर्ड' किंवा 'रीपेंटेड' शब्द आला तिथे पुढचा आकडा एकदम खाली. मला आवडलं ते हे की शब्द लपवलेला नसतो. रंगवली आहे तर रंगवली आहे, असं सरळ लिहितात, आणि तशीही घेणारे असतात. ज्याला फक्त कपाटात शोभेला हवी, तो आनंदानं घेतो.

खरा त्रास होतो तो न सांगता विकणाऱ्यांचा. २००९ साली मी एका विक्रेत्याकडून कॉर्गीची जेम्स बाँडची ॲस्टन मार्टिन घेतली. क्रमांक २६१, १९६५ सालची. कॉर्गीनं आपल्या गाड्यांना १९५६ पासून काचा बसवल्या आणि डिंकीला मागे टाकलं, त्याच कंपनीची ही सगळ्यात गाजलेली गाडी. सिनेमातली मोटार चंदेरी, पण कॉर्गीनं ती सोनेरी काढली. बटण दाबलं की टप उघडतं आणि शेजारी बसलेला गुंड उडून बाहेर पडतो. तो इवलासा गुंड मुलांच्या हातून हमखास हरवायचा, म्हणून खोक्यात एक जादा गुंड दिलेला असे. माझ्या गाडीत गुंड होता, जादा गुंडही होता, सोनेरी रंग निष्कलंक होता, खोक्याच्या कडा धारदार होत्या. मला हुरूप आला. महिन्याभराची पेन्शन गेली.

घरी आणून तिला ओळखीच्या एका अस्सल गाडीशेजारी ठेवली आणि अतिनील दिव्याखाली धरली. अस्सल गाडीचा रंग गडद राहिला, माझी वेगळ्याच छटेनं उजळली. तळपाटीचे रिवेट भिंगातून बघितले तर त्यांच्या कडांवर ताजे ओरखडे होते. खोक्यावरच्या छपाईचे ठिपके आजच्या प्रिंटरचे होते. गुंड दोघेही नव्या प्लॅस्टिकचे. अस्सल होतं ते धातूचं अंग आणि काही यंत्रणा. एरवी सगळं कुणीतरी सुबकपणे नवं केलेलं, आणि ते सांगायचं मात्र टाळलेलं. विक्रेत्याला फोन केला, त्यानं उचलला नाही. पुन्हा केला, पुन्हा नाही.

सुटे भाग बनवणं हा गुन्हा नाही. इंग्लंडमध्ये कितीतरी छोटे कारागीर जुन्या गाड्यांचे टायर, हुक, शिड्या, बाजूची चित्रं नव्यानं बनवतात, आणि त्यांच्यामुळे मोडक्या गाड्या पुन्हा उभ्या राहतात. हा धंदा बिघडतो तो एका वाक्याच्या गैरहजेरीनं. डिंकीच्या ९२३ क्रमांकाच्या हाइन्झच्या व्हॅनचं उदाहरण घ्या. आधी तिच्या बाजूवर बीन्सच्या डब्याचं चित्र होतं, १९५८ पासून थोडा काळ केचपच्या बाटलीचं आलं. बाटलीवाली गाडी फार कमी निघाली, म्हणून तिचा भाव डब्यावालीच्या कितीतरी पट. गाडी तीच, साचा तोच, फरक एका चिकटवलेल्या चित्राचा. अशा ठिकाणी नवं चित्र मिळू लागलं की प्रत्येक बाटलीकडे संशयानं बघावं लागतं, आणि खऱ्या माणसाची खरी गाडीही त्या संशयात सापडते.

मी दोन टायर बदलले आहेत. ते सांगतो. जुनं रबर कडक होऊन तडकतं, कधी चपटं पडतं आणि गाडी चाकावर उभीच राहत नाही. तिथे नवे टायर घातलेले बहुतेक संग्राहक चालवून घेतात. पण मी जुने टायर फेकले नाहीत. छोट्या पिशवीत घालून खोक्याबरोबर ठेवले आहेत, चिठ्ठीसह. उद्या कुणाला पुन्हा तेच बसवायचे असतील तर बसवता येतील. माझ्यापुरती मी रेघ इथे ओढली आहे: जे उलटवता येतं ते करावं, जे उलटवता येत नाही त्याला हात लावू नये. कोमट पाणी, थोडा साबण, मऊ ब्रश, लगेच कोरडं पुसणं, एवढं चालतं. त्यातही पोलादी आसाला पाणी राहिलं तर गंज धरतो, आणि बाजूवरचं चिकटवलेलं चित्र पाण्यानं सुटतं. खोक्याला पाणी नको, डिंक नको, आणि टेप तर कधीच नको. मी लावलेल्या सेलोटेपनं चाळीस वर्षांत पुठ्ठ्यावर तपकिरी पट्टा उठवला आहे, तो आता निघत नाही.

या सगळ्यात मला सर्वांत जवळची वाटते ती निकीची गोष्ट, कारण ती आपल्या इथली आहे. साठच्या दशकाच्या शेवटी डिंकीचे काही जुने साचे कलकत्त्याला आले. तिथे त्यांच्यातून निघालेल्या गाड्या 'निकी टॉइज' नावानं विकल्या गेल्या. साच्यातलं 'डिंकी' नाव खोडून तिथे 'निकी' आणलेलं. रंग जाड, कधी ओघळलेला, कधी एका बाजूला कमी पडलेला. चाळीस वर्षांपूर्वी आम्ही त्यांना 'डुप्लिकेट' म्हणून नाकं मुरडायचो. २०११ साली पुण्याच्या जुन्या बाजारात, रविवारी सकाळी, कुलपं आणि नळाच्या तोट्यांच्या ढिगात मला एक निकीची जॅग्वार मिळाली. दोनशे रुपयांना. रंगाचा एक ओघळ दरवाज्यावरून खाली येऊन गोठलेला.

पुढच्या वर्षी भाचीच्या ओळखीचे एक इंग्रज गृहस्थ भारतात आले होते, ते माझ्याकडे चहाला आले. आयुष्यभर डिंकी जमवलेला माणूस. माझ्या चांगल्या डिंकी त्यांनी कौतुकानं पाहिल्या आणि ठेवल्या. निकी मात्र अर्धा तास हातातून सोडली नाही. मी म्हटलं, रंग वाईट आहे, नाही का? ते म्हणाले, हा रंगच तर हवा, असा ओघळ लिव्हरपूलमध्ये कधी पडला नसता. साच्यावर खोडलेल्या नावाची जागा त्यांनी भिंगातून दोनदा पाहिली.

मला त्या दिवशी एक गोष्ट उमगली. निकीची गाडीही बदललेलीच आहे, अगदी नावासकट. पण तो बदल कारखान्यानं केलेला आहे, तो त्या गाडीच्या जन्माचा भाग आहे. जाणकार मंडळी याला क्रमांकच देतात. कारखान्यातून जशी निघाली ती कोड एक, कंपनीच्या संमतीनं दुसऱ्यानं बदलली ती कोड दोन, आणि संमतीशिवाय बदललेली कोड तीन. माझी लाल जॅग्वार कोड तीन. कलकत्त्याच्या कुणा कामगारानं घाईत मारलेल्या रंगाचा तो ओघळ कुणी पॉलिश पेपरनं घासून काढला, तर गाडी देखणी होईल, आणि कलकत्ता तिच्यातून निघून जाईल.

बाहुल्यांचं फारसं मला कळत नाही, पण न्यू जर्सीला राहणाऱ्या एका वहिनींची बार्बी मी पाहिली आहे. साठच्या दशकातली. कानातले धातूचे डूल तसेच राहिल्यामुळे कानांभोवती हिरवा डाग पसरलेला. बार्बी जमवणारे याला सरळ 'हिरवे कान' म्हणतात, इतका तो नेहमीचा आहे. डूल काढून वेगळे ठेवले असते तर डाग वाढला नसता. वहिनींनी डागावर त्वचेच्या रंगाचा पेंट लावला, आणि डागापेक्षा पेंटनंच बाहुलीचं जास्त नुकसान केलं.

मग पितळी भातुकलीचं काय, असं मला पुण्यातल्या एका बाईंनी विचारलं होतं. त्यांच्याकडे पणजीपासूनची भातुकली आहे. चूल, परात, ताक घुसळायची रवी, सगळं. दर चैत्रात त्या ती चिंचेनं घासतात. तिथे माझं मत वेगळं आहे. पितळेची भांडी घासण्यासाठीच असतात, चार पिढ्यांच्या हातांनी ती घासलेली आहेत, घासणं हाच त्यांचा वापर. मात्र एका कळशीच्या काठावर पणजीचं नाव ठिपक्यांनी कोरलेलं होतं, ते घासून घासून अर्धं उरलं आहे. ती एक कळशी घासू नका, एवढंच मी त्यांना सांगितलं. आणि सावंतवाडीची जुनी लाखेच्या रंगातली लाकडी खेळणी असतील तर त्यांना बाजारातला ऑइलपेंट अजिबात लावू नये. चिताऱ्यानं दिलेला रंग त्याखाली कायमचा गाडला जातो.

आता माझ्याकडे विशी-पंचविशीतली मुलं येतात. त्यांना डिंकीचं फार काही नाही. ती हॉट व्हील्स घेतात, उघडतात, चाकं बदलतात, स्वतः रंगवतात, आणि काहींचं काम खरोखर सुंदर असतं. परवा दुकानातून आणलेल्या गाडीवर हे जरूर करावं. तशा गाड्या लाखोंनी आहेत, हात बसायला त्याच हव्यात. फक्त त्यांच्या घरच्या माळ्यावर काय पडलं आहे ते त्यांनी आधी बघावं. तळाशी 'लिओ मॅटेल' आणि 'मेड इन इंडिया' अशी अक्षरं असलेल्या हॉट व्हील्स, किंवा फनस्कूलनं आपल्याकडे बनवलेले जी. आय. जो सैनिक. त्यांचे काही रंग असे आहेत की अमेरिकेत निघालेल्या सैनिकांवर ते नाहीत, आणि म्हणून तिकडचे लोक ते शोधत असतात. एका मुलानं मला असा सैनिक अभिमानानं दाखवला. त्यानं तो इंटरनेटवरच्या चित्राबरहुकूम, अमेरिकन रंगात रंगवला होता. काम अतिशय सफाईदार होतं. मी त्याला माझी लाल जॅग्वार दाखवली आणि मामाची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ गप्प बसला. मग विचारलं, "काका, हा आता काढता येईल का?" वरचा रंग काढायला गेलास तर खालचाही निघेल, मी म्हटलं. राहू दे, आणि कागदावर लिहून ठेव.

मीही लिहून ठेवलं आहे. दादा गेल्या वर्षी आला होता, तेव्हा त्याच्यासमोर लिहिलं. सत्याहत्तर वर्षांचा झाला आहे तो. गाडी हातात घेतल्यावर त्याचाही अंगठा तिथेच गेला. पिवळ्या खोक्यात आता गाडीबरोबर एक चिठ्ठी आहे: 'डिंकी १५७. १९५८ साली लिव्हरपूलहून आणली. मूळ रंग फिरोजी व गुलाबी. १९५९ साली टपाच्या मागच्या कडेला टवका उडाला. १९८६ साली मी रंग काढून लाल रंगवली, रिवेट उडवून स्क्रू लावले. मूळ रंग फक्त टपाच्या आतल्या बाजूला शिल्लक आहे.' खाली आम्हा दोघांच्या सह्या आहेत.